आईचा धर्म आता या वयात शिकायला घेतला तर चालेल का?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. कुणाची आई ख्रिश्चन आणि वडील हिंदू, कुणाची आई पारशी आणि वडील गुजराती, आईकडचं काहीतरी मधल्या काळात सुटून गेलंय आणि आता पन्नाशीला आल्यावर ते हवंसं वाटतं पण लाजही वाटते, लोक काय म्हणतील, आता आठवण झाली का वगैरे. आज एका ज्यू घरातली केस सांगते (विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय), कारण त्यात हा प्रश्न जरा जास्तच गुंतलेला होता.

बाई बँकेत नोकरीला, राहायला ठाण्याकडे. आई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पेणकर रोहेकर दिवेकर अशी गावावरून आडनावं असलेले, जुन्या काळी तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे ते. वडील मराठा. लव्ह मॅरेज. मावश्या लग्न करून इस्रायलला गेल्या, एक मामा इकडे राहिला, आणि आई सासरी अशी मिसळून गेली की शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आई गेली आणि काही महिन्यांनी या बाईंची झोप उडाली म्हणून त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइलवर एक एक्सेल शीट दाखवली. हिब्रू अक्षरं, धर्मातल्या ६१३ आज्ञा, मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाचे ६३ भाग, त्यावरच्या चर्चेचा अवाढव्य ग्रंथ तालमूद, कुठलं कधी संपवायचं ते तारखांसकट. रोज तालमूदचं एक पान वाचलं तरी पूर्ण व्हायला साडेसात वर्षं लागतात हे त्यांनी शोधून काढलेलं आणि त्यावरूनच रडू आलेलं. "मॅडम, मला काहीच येत नाही, मी कुठल्या तोंडानं सिनेगॉगमध्ये जाऊ?" (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर.) बँकेची प्रमोशनची परीक्षा असावी तशी तयारी चाललेली. शीट मी बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, आई घरात काय करायची ते सांगा, फक्त आठवेल तसं.

आधी म्हणाल्या काहीच नाही. मग हळूहळू निघायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी आई न चुकता दिवा लावायची, पण तिन्हीसांजेला दिवा तर सगळ्याच घरात लागतो म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. गणपती-दसऱ्याच्या आसपास कधीतरी एक दिवस कडकडीत उपास, पाणीसुद्धा नाही, सासूला सांगायची माझा उपास आहे आणि सासू खूश. तो योम किप्पुर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, बेने इस्राएल त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे. काही मनासारखं झालं की ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, फळं आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव, तो मलिदा. मुलांना वाटायचं प्रसादाचाच प्रकार. मटणात दही कधीच नाही, नारळाचं दूध. आणि कोळंबी, खेकडा, तिसऱ्या सासरच्यांच्या जीव की प्राण, आई करून वाढायची पण स्वतःच्या ताटात घ्यायची नाही, म्हणायची मला सोसत नाही.

मग मी त्यांना त्यांच्याच लोकांची गोष्ट सांगितली, त्यांनी ती लहानपणी अर्धवट ऐकलेली होती. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, पोथ्या-पुस्तकं सगळी बुडाली अशी परंपरा आहे. पुढे कित्येक पिढ्या यांच्याकडे ना तोरा हा मूळ धर्मग्रंथ होता ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. उरलं काय तर एकच देव आहे असं सांगणारी शेमाची प्रार्थना, शनिवार पाळणं, सुंता आणि खवले-पर असलेलाच मासा खायचा हा नियम. डेव्हिड रहाबी नावाचा शिकलेला ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवून परीक्षा घेतली आणि त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले, त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच, असं सांगतात. इतिहासकार त्यातलं किती धरतात तो भाग वेगळा, पण त्या दिवशी बाईंना मी एवढंच विचारलं की रहाबी तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात आला असता तर काय म्हणाला असता. त्या बराच वेळ हसल्या. तालमूदची तारीख मात्र शीटवरून लगेच काढली नाही हं, ती पुढे कधीतरी गेली.

खरा विषय तोपर्यंत आलाच नव्हता. बऱ्याच भेटींनंतर बाई एकदम म्हणाल्या, "आम्ही आईला अग्नी दिला." ज्यू लोकांत दफन करतात. आईने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं, हॉस्पिटलमधून आणल्यावर काकांनी नेहमीसारखी सगळी व्यवस्था केली, कुणाला सुचलंच नाही, आणि नंतर या शिकायला लागल्या तेव्हा हे वाचनात आलं. झोप तिथून उडालेली. म्हणजे एक्सेल शीट ही धर्म शिकण्यासाठी कमी आणि प्रायश्चित्त म्हणून जास्त होती. अशा वेळी "तुमची काही चूक नाही" असं पटकन म्हणून टाकायचा मोह होतो, मी तो टाळते, कारण माणसाला ते ऐकूच येत नाही. आणि धर्माचा निवाडा देणारी मी कोण. त्यांना म्हटलं हे ज्यांना विचारायचं त्यांनाच विचारा, आणि विचारायला जायची भीती वाटते त्यावर आपण इथे काम करू.

आणखी एक भीती होती, वडील हिंदू म्हणजे आपण ज्यू नाहीच. ज्यू धर्मशास्त्रात आई ज्यू असेल तर मूल ज्यू, वडील कोण हा प्रश्न येत नाही. हे कळल्यावर त्यांना हलकं वाटलं, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा मामेभाऊ सोबत आला. मामाने हिंदू मुलीशी लग्न केलेलं, पण मुलाला लहानपणापासून सगळं शिकवलं, त्याला शुक्रवारचा किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावर म्हणायची प्रार्थना, पाठ, काळ्या मनुका भिजवून सरबत तो स्वतः करतो, पेसाहच्या सणाला मराठी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, वाचतो. आणि नियमाने ज्यू कोण, तर ही आतेबहीण, जिला काही येत नाही. त्याला कुठल्यातरी लग्नात एका नातेवाइकाने 'काळा इस्राएल' म्हटलेलं. पूर्वी समाजात गोरे आणि काळे असे भेद होते, रंगावरून नाही तर आई बाहेरची असली की काळा. तो शब्द आजही कुणाच्या तोंडी येतो याचा मला खरंच राग आला, आणि तो मी लपवला नाही.

त्या दोघांना मी एक गोष्ट सांगितली जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने सांगितलं की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याचे पूर्वज तपासा. अख्ख्या समाजालाच विचारलं की तुम्ही पुरेसे ज्यू आहात का. लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे, धरणी, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांची बाजू घेतल्यावर तो हुकूम बदलावा लागला. तेव्हा या बाबतीत अपमान झालेले तुम्ही पहिले नाही.

मामेभावाचा प्रश्न याने सुटत नाही हे मान्य. मार्ग आहेत पण सगळे सरळ नाहीत. अमेरिकेतल्या रिफॉर्म या सुधारणावादी ज्यू पंथाने १९८३ पासून वडील ज्यू असतील आणि मूल ज्यू म्हणून वाढवलं असेल तर मान्य केलंय, ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणारे, ते मानत नाहीत, तिथे रीतसर धर्मांतर लागतं आणि ते मुद्दाम हळू चालतं. मुंबईत लिबरल विचारांची ज्यूइश रिलिजस युनियन १९२५ पासून आहे, डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेली, तिथे त्याने चौकशी चालू केलीय.

आता तुमच्यापैकी ज्यांना खरंच सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी, त्या बाईंनी काय केलं ते सांगते. सिनेगॉगला आधी फोन केला, हे फार महत्त्वाचं आहे, कारण २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून दारावर चौकशी होते, ओळखपत्र मागतात, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला वाटतं मलाच अडवलं. ठाण्याचं शाआर हशामाइम सिनेगॉग १८७९ चं आहे, शनिवारी जायचं तर मोबाइल पर्समध्ये बंद, आणि पुढे कोण काय म्हणतंय कळलं नाही तरी बसून राहायचं. हझ्झाननी, म्हणजे तिथे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, अग्नीबद्दल ऐकून घेतलं आणि आईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव विचारलं, प्रार्थनेत घेण्यासाठी. मी त्या भेटीला नव्हते, पण नंतर बाईंची झोप सुधारली एवढं खरं.

आईच्या वर्षश्राद्धाची तारीख हेबकॅल नावाच्या साइटवर काढली. ज्यू पंचांगही आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी जुळवायला १९ वर्षांत ७ अधिक महिने घेतं, त्यामुळे तिथीची कल्पना त्यांना समजावून सांगावीच लागली नाही. एक लक्षात ठेवा, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आई रात्री आठला गेली म्हणून तारीख एकाने पुढे सरकली. वाचायला सेफारिया या साइटवर मूळ हिब्रू आणि इंग्रजी भाषांतर फुकट आहे. मराठीत हवं असेल तर जुना खजिना बराच आहे, पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादात तर चित्रातल्या बायका नऊवारीत आहेत. सणांची मराठी नावं, चालीरीती यांच्यासाठी हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला इतिहास, तो इंग्रजीत आहे आणि छापला गेला १९३७ ला. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, त्यातून मावशीकडच्यांशी बोलायला विषय मिळाला. आणि माणसं भेटायला मुंबईत ज्यूइश कम्युनिटी सेंटर. माझं स्वतःचं मत विचाराल तर व्हिडिओ कमी बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन लवकर करा, बाईंची इस्रायलमधल्या डिमोनाची मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे आणि मलिद्यात वेलची घालायची की नाही यावर अर्धा तास बोलते.

नवऱ्याचं काय, हेही लोक विचारतात. या केसमध्ये नवऱ्याला धर्माबद्दल काही त्रास नव्हता, त्याचा एकच प्रश्न होता की घरात कोळंबी बंद होणार का. बाई म्हणाल्या तुम्ही खा, मी करणार नाही. सध्या तो रविवारी बहिणीकडे जेवतो.