गुरुवार हुकवू नका

प्रश्न : मुलगा माद्रिदला नोकरीला आहे. ऑक्टोबरात त्याच्याकडे चाललोय, त्यातले दोन दिवस समुद्रकाठचं वलेन्शिया पाहावं म्हणतो. माझी संत्र्याची बाग आहे. बायको पक्की शाकाहारी, गुडघेही दुखतात तिचे. काय पाहावं, काय सोडावं?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, आधी कॅलेंडर काढा आणि दोनातला एक दिवस गुरुवार येईल असं बसवा. सुट्टीचा गुरुवार नको. बाकी सगळं मागंपुढं चालतं.

दर गुरुवारी दुपारी 12 च्या ठोक्याला तिथल्या कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. आठ पाटांचे आठ शेतकरी काळे सैल डगले घालून गोल बसतात. एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं. तक्रार असली तर तोंडी ऐकायची, निकालही तोंडीच. वकील नाही, कागद नाही. शेकडो वर्षांची रीत, 2009 साली युनेस्कोच्या यादीत गेली. मी लेकीसोबत गेलो त्या दिवशी तक्रारच नव्हती, पाच मिनिटांत उठले सगळे. तरी माझा पाय निघेना. आमच्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या वावराला पाणी पोचत नाही म्हणून चार बैठका झाल्या, चारही चहावर संपल्या. साडेअकरालाच जाऊन पुढं उभे राहा, मागून नुसत्या टोप्या दिसतात.

माद्रिदहून वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोचवते. तिचं स्टेशन वेगळं, पण तिथून पायी जवळच 1917 चं जुनं नॉर्द स्टेशन आहे, ते पाहाच. दर्शनी भिंतीवर संत्री नि संत्र्याची फुलं! रस्त्याकडेच्या झाडांची फळं मात्र तोडू नका, बहुतेक कडू असतात. मी चाखलंय.

रेशमाच्या व्यापाराची लोन्खा ही इमारत (बांधकाम 1482 पासून) आणि समोरचा मोठा बाजार सकाळीच उरका. लोन्खातले पिळदार खांब बघून मला सुंभाचे दोर आठवले. कॅथेड्रलच्या मनोऱ्याला 207 पायऱ्या आहेत, वहिनींना खाली बाकावर बसवा. संध्याकाळी तुरिया नदीच्या जुन्या पात्रातली बाग. 1957 च्या महापुरानंतर नदीच गावाबाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात झाडं लावली. सपाट वाट, गुडघ्यांना त्रास नाही. तिथल्या नव्या पांढऱ्या इमारती बाहेरूनच बघा, आतली तिकिटं महाग.

जेवायला पाएया, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ. मूळ वलेन्शियाच्या पाएयात कोंबडी नि ससा असतो, म्हणून नुसत्या भाज्यांचा मागा. भातात कोंबडीचं पाणी घातलंय का, तेही मुलाला विचारायला लावा. दुपारी थंडगार ओर्चाता प्या. दुधासारखं दिसतं, पण दूध नाही, चुफाच्या गाठी वाटून करतात. चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचा सख्खा चुलतभाऊ. आपण निंदून बांधावर फेकतो, ते लोक पेरतात. वहिनींना मात्र हे पेला रिकामा झाल्यावरच सांगा.