काँग्रेसच्या वर्षा गायकवाड फक्त वडिलांच्या नावावर निवडून येतात का?
पहिलं तिकीट वडिलांमुळेच, त्यात वाद नको. २००४ मध्ये एकनाथ गायकवाड मनोहर जोशींना हरवून लोकसभेत गेले, त्यांची धारावीची आमदारकी मोकळी झाली आणि प्राध्यापिका असलेल्या वर्षाताई आमदार झाल्या. पण नंतरच्या तीन निवडणुका? २०१४ च्या लाटेत मुंबईत काँग्रेसचे भलेभले आडवे झाले, धारावी टिकली. शालेय शिक्षण खातं मिळालं आणि पाठोपाठ कोरोना आला. २०२४ च्या लोकसभेला उत्तर मध्य मुंबईत भाजपच्या उज्ज्वल निकमांना १६,५१४ मतांनी पाडलं. निकालाच्या दुपारी आमच्या चाळीत ‘गेली सीट’ म्हणून टीव्ही बंद झाला होता, संध्याकाळी पुन्हा लावला! आता धारावीची आमदारकी बहीण ज्योतीकडे. तेव्हा घराणेशाही आहेच, नाही कशाला म्हणू?