खात्यात दिसणारे पैसे कुणाचे?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोयाबीनची पट्टी झाली आणि बाबांनी तुझ्या खात्यात ४०,००० टाकले, हे कळलं. "काका, आता फेब्रुवारीपर्यंत टेन्शन नाही," असं तू फोनवर म्हणालास. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होतो. तूर निघेपर्यंत घरून दुसरा पैसा येणार नाही. नोकरदाराच्या मुलाला दर महिन्याला पैसे येतात, महिनाअखेर फार तर चार दिवस वडापाववर काढावे लागतात. तुझा महिना चार महिन्यांचा आहे, त्याची अखेर जड जाईल.

म्हणून आधी एक काम कर. त्या चाळीस हजारांत कुणाचे किती, ते लिही. कॉटचं भाडं ३,५०० म्हणजे चार महिन्यांचे १४,००० घरमालकाचे. मेसचे महिना २,८०० धरले तर ११,२०० मेसवाल्या मावशींचे. उरले १४,८००. महिन्याला ३,७००. यातच परीक्षा फी, झेरॉक्स, रिचार्ज, पीएमपी बसचा पास आणि गावी यायचं भाडं. तुझा खरा पगार एवढाच समज.

यासाठी दोन खाती ठेव. मोठी रक्कम एका खात्यात, त्याला यूपीआय जोडूच नकोस. दर एक तारखेला त्यातून ३,७०० दुसऱ्या खात्यात घे आणि फोनवरून फक्त तेच वापर. मनावर ताबा ठेव वगैरे मी सांगणार नाही, तो मलाही जमत नाही. पैसे काढायला दोन पायऱ्या जास्त लागल्या की खर्च आपोआप कमी होतो.

मात्र दुसरं खातं उघडताना फॉर्मवर जिथे तिथे टिक करू नकोस. सरकारी अनुदान आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात येतं, आणि नव्या बँकेत संमती दिलीस तर ती जोडणी तिकडे सरकते. मग महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे, पैसे आले कुठे म्हणून पोरं जुन्या बँकेत पासबुक भरून भरून थकतात.

मेसकडे नीट लक्ष दे, कारण तुझा सगळ्यात गळका खर्च तोच. महिन्याची साठ जेवणं, त्यातून रविवारची चार संध्याकाळची वजा, राहिली छप्पन्न. २,८०० भागिले छप्पन्न, म्हणजे जेवणाला ५० रुपये. मित्रांबरोबर १२० ची पावभाजी खाल्लीस की त्या रात्रीचे १७० गेले, कारण मेसचे पन्नास आधीच दिलेले. पावभाजी खाऊ नकोस असं नाही. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे मेसचं खास जेवण, झालं की संध्याकाळी मेस बंदच असते, बाहेरचं खाणं तेव्हा खा. आणि खाड्यांचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा, नियम पैसे भरण्याआधी विचारून घे. बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवस नसलास आणि आधी सांगितलंस तरच खाडे वजा होतात. मागाहून सांगितलंस तर मावशी हसून भाजी जास्त वाढतील, पैसे वळते करणार नाहीत.

खोलीच्या डिपॉझिटचंही तसंच. ते तुझं आहे, पण मालकाकडे अडकलेलं. खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि काय कापणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घे.

आता जे तुझं मुळीच नाही त्याबद्दल. शिष्यवृत्तीतली फीची रक्कम कधी कधी विद्यार्थ्याच्या खात्यात येते. ती कॉलेजची, आली की भरून टाक. त्यातून फोन घेणारे मी पाहिलेत, मग हॉल तिकिटाच्या वेळी त्यांची धावपळ होते.

आणि कुणी म्हणेल, तुझ्या खात्यावर थोडे पैसे येऊ दे, पुढे पाठव, तुला दोन हजार देतो. कॉलेजच्या पोरांना हे हमखास विचारतात. ते पैसे बहुधा कुणाच्या तरी फसवणुकीतले असतात. तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर गेली की आधी तुझं खातं गोठतं, मग पोलिसांचा फोन येतो. एटीएम कार्ड, सिम, पासबुक जिवलग मित्रालाही द्यायचं नाही. उसने हवे असतील तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच दे.

झटपट कर्जाच्या अ‍ॅपची ओळख सोपी आहे. ते तुझे कॉन्टॅक्ट मागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधली संपर्कयादी उघडायला बंदी आहे, तरी मागतंय म्हणजे वसुलीच्या वेळी कुणाला फोन करायचे ते त्यांनी आधीच ठरवलंय.

तुझा रूममेट शेअर बाजारात ऑप्शन खेळतो म्हणालास. बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. रूममेट फायद्याचा स्क्रीनशॉट दाखवतो, त्याला वर्षाचं स्टेटमेंट माग.

पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्ज काढायचा विचार आहे ना? जरूर काढ, बाबांनी सावकाराकडे जाण्यापेक्षा हजारपट बरं. फक्त हप्ता सुरू नाही म्हणजे व्याज सुरू नाही, असं समजू नकोस. साधारणपणे शिक्षण आणि वर एक वर्ष हप्त्याला सवलत असते, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तीन वर्षं दर वर्षी एक लाख उचललास आणि सरळव्याजाचा दर १० टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत ४०, ३० आणि २०, असे ९०,००० चढतात. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३३ भरत राहिलास तर तेवढं व्याज तिथेच फिटतं. विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेची तुमच्याकडे चौकशी कर. ग्रंथालयात तासावर काम मिळालं तर एवढं सुटतं.

त्याआधी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, दोन्हींचे अर्ज पाहा. अर्ज परत आलाय का हे आठवड्याला पोर्टलवर बघत जा, क्लार्क फोन करणार नाही. बाबांना अल्पभूधारकाचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवायला सांग. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

तुझा,
काका