गिटारवर जॅझ, ब्लूज आणि रॉक वाजवायला जुना ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) एकच घ्यायचा तर कोणता?

१९६३ ते १९६७ मधला, काळ्या पॅनेलचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब घ्या. साधारण २२ वॅट, स्पीकरला ताकद देणाऱ्या ६व्ही६ प्रकारच्या पॉवर ट्यूबची जोडी आणि १२ इंची एकच स्पीकर; म्हणजे छोट्या कार्यक्रमाला पुरेल इतका दणकट, पण ट्यूब ताणून वाजवता येईल इतका लहान. व्हॉल्यूम तीनवर ठेवलात की जॅझच्या कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. सहाच्या पुढे गेलात की आवाज खरखरीत होतो, पण कर्कश नाही, कारण ट्यूब सिग्नलची टोकं एकदम छाटत नाहीत, हळूहळू दाबत नेतात. शिवाय रेक्टिफायरही, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भागही, ट्यूबचाच. तारेवर जोरात आघात केला की आतलं व्होल्टेज क्षणभर उतरतं. स्वर आधी किंचित दबतो, मग फुलतो. ब्लूजला हेच हवं असतं! आणि अ‍ॅम्प चढवून ठेवून गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की आवाज पुन्हा स्वच्छ. एवढी साथ फार थोडे अ‍ॅम्प देतात.

मात्र हेवी मेटलची घट्ट डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) यातून वेगळ्या इफेक्ट पेडलशिवाय निघणार नाही. आणि अमेरिकन बाजाराचा नग असेल तर आपल्या २३० व्होल्टला थेट जोडू नका. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, जुने कपॅसिटर आधी जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.