विश्वास असूनही संकट आलं की डळमळायला होतं, तयारी कशी करायची?
मला यात येशूचा शिष्य पेत्र आठवतो. बायबलमधल्या मत्तय २६ मध्ये तो ठासून म्हणाला की सगळे अडखळले तरी मी नाही अडखळणार, आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशूने जागे राहा, प्रार्थना करा सांगितलं तर झोपून गेला, मग त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. प्रेम खरं होतं हो त्याचं, तयारी नव्हती. म्हणून बायबल वाचन, प्रार्थना सगळं बरं चाललंय तेव्हाच रोज करा, ऐन टेन्शनमध्ये नवीन सवय लागत नाही. आणि डळमळलात तरी घाबरू नका, पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने आधीच प्रार्थना केलेली (लूक २२:३२), आणि नंतर त्यालाच सांगितलं, माझी मेंढरं पाळ.