विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्यावर पैसे लावावेत का?

पाच-सहा महिन्यांनी मैदानात उतरणारे घोडे सरसकट टाळावेत का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र विश्रांती किती दिवसांची होती, यापेक्षा ती कशासाठी होती आणि आजची शर्यत जिंकण्याचा ट्रेनरचा खरोखर इरादा आहे का, हे मी आधी पाहतो.

हंगाम संपल्यावर ठरवून दिलेली विश्रांती आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पायातील दोर) दुखावल्यामुळे नाइलाजाने घ्यावी लागलेली विश्रांती रेसकार्डावर, म्हणजे शर्यतीतील घोड्यांची माहिती देणाऱ्या पत्रकावर, सारखीच दिसते. टेंडनची दुखापत पुन्हा उलटण्याचा धोका मोठा असल्याने अशा घोड्यावर मी पहिल्या खेपेला पैसे लावत नाही. श्वसनमार्गावरील शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून तिची नोंद रेसकार्डावर असते, आणि पूर्वी शेवटच्या टप्प्यात दम तुटणाऱ्या घोड्यापुढे ती दिसली, तर त्याच्या जुन्या कामगिरीवरून आजचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते.

इरादा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे शर्यतीचे अंतर. सलग ३३ शर्यती जिंकलेली ऑस्ट्रेलियाची घोडी विंक्स २०४० मीटरची कॉक्स प्लेट ही शर्यत २०१५ ते २०१८ अशी चार वेळा जिंकली, पण विश्रांतीनंतरची तिची सुरुवात बहुधा १४०० मीटरपासून होत असे. अशाच एका परतीच्या शर्यतीत, २०१७ च्या वॉरविक स्टेक्समध्ये, ती सुटतानाच मागे पडली आणि अगदी थोडक्यात जिंकली. तिच्या अंगच्या गुणवत्तेमुळे ते निभावले. साधारण कुवतीचा घोडा आपल्या नेहमीच्या अंतरापेक्षा बऱ्याच आखूड शर्यतीतून परतत असेल, तर ती धाव पुढच्या शर्यतीसाठीचा सराव आहे असेच मी धरून चालतो.

त्यानंतर शरीर. जपानमध्ये शर्यतीपूर्वी प्रत्येक घोड्याचे वजन आणि मागच्या धावेपासून पडलेला फरक जाहीर करतात. तीन वर्षांच्या घोड्याचे वजन वीस किलोंनी वाढले, तर ती वाढत्या वयाची भर असू शकते. सहा वर्षांच्या घोड्याच्या बाबतीत मात्र ते बहुधा सुटलेले पोट असते. जिथे असे आकडे मिळत नाहीत, तिथे पॅडॉकमध्ये (शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी) डोळ्यांनीच पाहावे लागते: बरगड्या पुसट दिसाव्यात, पोटाची रेषा मागे वर चढलेली असावी आणि पुठ्ठ्यावरचे स्नायू चालताना वेगवेगळे उठून दिसावेत. (कातडीच्या चकाकीवर लोक फार भाळतात, मी तिला कमी महत्त्व देतो.)

हे सारे जुळले तरी भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशांच्या किती पट मिळतील ते, पाहिल्याशिवाय पैसे लावू नयेत. नावाजलेला घोडा परतताना त्याचा भाव अनेकदा असा कोसळतो, जणू तो गेल्याच आठवड्यात जिंकला आहे. अशा वेळी तो पूर्ण तयारीत नसण्याची जोखीम आपली, आणि तिचा मोबदला मात्र शून्य. मग ती शर्यत सोडून मी त्याच्या दुसऱ्या धावेची वाट पाहतो, विशेषतः पहिल्या धावेत शेवटचे दोनशे मीटर जॉकीने त्याला फारसे न दामटता आणले असेल तर. पहिल्याच खेपेला जीव तोडून धावलेला घोडा दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उतरवला, तर मात्र मी त्याच्यापासून दूर राहतो, कारण तो थकवा तेवढ्यात पुरता भरून निघालेला नसण्याची शक्यता असते.