वाचकांचे प्रश्न : ब्लॅकपूलचे क्लब आणि जुने कायदे

प्रश्न : इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंधांवरची बंदी १९६७ सालीच उठली. मग ब्लॅकपूल या समुद्रकिनारी सुट्टीच्या गावातला 'फनी गर्ल्स' क्लब १९९४मध्ये का सुरू झाला? इतका उशीर का?

उत्तर : त्याआधीही तिथे समलैंगिकांचा क्लब होता. तिथले क्लबचालक बेझिल न्यूबी यांनी 'फ्लमिंगो' १९७९मध्येच उघडला होता. 'फनी गर्ल्स'ही त्यांनीच सुरू केला, पण तो मुळात ड्रॅग कॅबरे, म्हणजे बायकी वेशातल्या कलाकारांच्या नाचगाण्याचा क्लब. तिथे सगळ्यांनाच प्रवेश.

तरीही तुमची शंका रास्त आहे, कारण १९६७च्या कायद्याने दिलेली मोकळीक फारच तोकडी होती. दोन्ही पुरुष २१ वर्षांचे तरी हवेत आणि संबंध खासगीतच हवा. तिसरं कुणी हजर असलं की कायद्याच्या लेखी ते खासगी उरत नसे. वयाची अट १९९४मध्ये १८वर आली, १६वर यायला २००१ उजाडलं.

खरी मेख मद्यपरवान्यात होती. १९६४च्या कायद्यानुसार पबची वेळ संपल्यावर दारू विकायची, तर खास प्रमाणपत्र लागे. ते मिळवायला संगीत, नाच आणि नीट खाण्याची सोय हवी. दारू या सगळ्याच्या जोडीला. सभासदांच्या नोंदणीकृत क्लबाचा मार्ग होता, पण त्यात नाव सुचवल्यापासून सभासद होईपर्यंत किमान दोन दिवस जायला हवेत. शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परतणाऱ्या पाहुण्याला त्याचा काय उपयोग? सुट्टीच्या गावात तर गिऱ्हाईक असंच असतं. ही जुनी परवाना पद्धत थेट २००५च्या नोव्हेंबरमध्ये गेली.

ब्लॅकपूलला मात्र दोन गोष्टींचा फायदा होता. गिरणी कामगारांच्या सुट्ट्यांमुळे तिथे करमणुकीचा धंदा पिढ्यान् पिढ्या मुरलेला होता, आणि बायकी वेशातले नट तिथल्या प्रेक्षकांना नवे नव्हते. शिवाय शरद ऋतूतल्या रोषणाईमुळे हंगाम तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबत असे. क्लबाचं भाडं वर्षभर भरायचं असतं, तेव्हा हे जादा आठवडे फार मोलाचे.

'फनी गर्ल्स' २००२मध्ये डिकसन रोडवरच्या जुन्या ओडियन सिनेमागृहात गेला. १९३९ची ही इमारत, मुळात तीन हजारांहून अधिक आसनांची, दुसऱ्या श्रेणीची वारसा वास्तू. तिच्या वारसा-स्वरूपाला धक्का लावणारा कोणताही बदल करायचा, तर आधी वेगळी संमती घ्यावी लागते.